वजनाचं कुणी विचारलंच नाही

सरकारी संशोधन संस्थेत काम करायचं हे मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना ठरवलं, आणि त्याला कारण खोडद. नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, तिचं आवार लोकांना पाहायला खुलं असतं. आम्ही वर्गातले काही जण कोल्हापुरातून रात्रीच्या एसटीनं निघालो आणि सकाळी तिथं पोचलो. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यातल्या 14 मधल्या भागात एकवटलेल्या आणि उरलेल्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. बाकीचे दीर्घिकांबद्दल, हायड्रोजनबद्दल ऐकत होते. मी मेकॅनिकलची, माझी नजर तबकडीच्या बांधणीवरून हलेना. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची नव्हतीच. पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवलेली. जाळीतून वारा आरपार जातो म्हणून सांगाड्यावर भार कमी, भार कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. आणि जी रेडिओ लहर टिपायची ती इतकी लांब, की तिच्या लेखी जाळीची भोकं नसल्यातच जमा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशाला परवडेल अशी ही रचना इथंच विचार करून उभी केली. सरकारी पैशावर, सरकारी संस्थेत बसून माणसं असा विचार करू शकतात, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं. कॅम्पसला आलेल्या कुठल्याही कंपनीच्या सादरीकरणात मला ते दिसलं नव्हतं.

पदवी झाल्यावर शिरोलीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात लागले. आमच्या घराला हे नवीन नाही. पप्पांचं शिवाजी उद्यमनगरात लहानसं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. ऊस गाळायचे घाणे, पाणी उपसायची ऑइल इंजिनं, त्यांचे सुटे भाग यांवर कोल्हापूरचा हा धंदा वाढला आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेच्या पट्ट्यात फाउंड्र्या पसरल्या आहेत. मी 'गेट' दिली, स्कोअर बरा आला. तो तीन वर्षं चालतो. तेवढ्यात कुठल्यातरी प्रयोगशाळेची जाहिरात येईल, तोवर भट्टीजवळ काम शिकून घेऊ, असा माझा विचार होता.

शिकायला मिळालं ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. आमच्याकडं एका पंपाचं केसिंग ओतलं जायचं. साधं ग्रे आयर्न, नग अठरा-एकोणीस किलोचा. मशीनिंग होऊन हायड्रो टेस्टला गेलं की त्यातले काही नग पाझरायचे. जाड भिंत आणि पातळ भिंत जिथं मिळते तिथं पाण्याचे बारीक थेंब उमटायचे. कापून बघितलं तर आत लहान लहान पोकळ्या. फाउंड्रीत याला श्रिंकेज म्हणतात, आणि त्यावरचा ठरलेला इलाज म्हणजे रायझर मोठा करा. धातू गोठताना आकसतो, तेव्हा त्याला वरून जादा रस मिळू दे. आम्ही रायझर मोठा केला. रस जास्त जाऊ लागला, यील्ड घसरलं, मालक वैतागले, आणि पाझर होता तसाच राहिला.

ग्रे आयर्नची गोष्ट इतर धातूंपेक्षा वेगळी आहे. गोठताना त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानं वेगळा होतो. ग्रॅफाइट लोखंडापेक्षा पुष्कळ हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला ते जागा जास्त व्यापतं. त्यामुळं गोठण्याच्या शेवटच्या टप्प्यात हा धातू आकसण्याऐवजी फुगतो, आणि साचा घट्ट असेल तर त्या फुगण्यानंच आतल्या पोकळ्या भरून निघतात. हे पुस्तकात होतं. 'साचा घट्ट असेल तर' या अटीकडं मात्र माझं लक्ष वेधलं ते मोल्डिंगच्या मामांनी. चहाच्या सुट्टीत ते सहज म्हणाले, "ताई, सांजच्याला साचा दाबून बघा की. अंगठा आत जातोय. सकाळी न्हाई जात."

मी हार्डनेस टेस्टर घेऊन साच्यांमागं लागले. सकाळी आकडा 85 च्या वर. संध्याकाळी शॉट ब्लास्टिंग आणि ग्राइंडर एकदम सुरू झाले की 70 च्या आसपास. मोल्डिंगचं मशीन हवेच्या दाबावर वाळू दाबतं, आणि सगळ्या शॉपला कॉम्प्रेसर एकच. तिकडं हवा ओढली गेली की इकडं साचा मऊ. मऊ साच्यात धातू फुगला की साच्याची भिंतच बाहेर सरकणार. नग अंगानं वाढणार, आणि आत जे भरून निघायचं ते तसंच राहून जाणार.

खात्री कशी करायची? भिंत सरकली असेल तर नग मोठा आला पाहिजे. मोठा आला तर जादा रस घेऊन जड आला पाहिजे. फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई, झालेला प्रत्येक नग मी काट्यावर ठेवायला लागले. नंबर टाकायचा, वजन लिहायचं, आणि मशीनिंगहून आल्यावर हायड्रो टेस्टच्या रजिस्टरशी जुळवायचं. पोकळी असलेला नग हलका भरेल असंच कुणालाही वाटेल. इथं पाझरणारे नग चांगल्या नगांपेक्षा जड निघाले. शंभर-दोनशे ग्रॅमनी, पण निघाले. ते दोन रकाने शेजारी शेजारी मांडल्यावर मला जो आनंद झाला तो कुठल्याही पगारवाढीनं झालेला नाही. मालकांनी मोल्डिंगसाठी हवेची वेगळी टाकी बसवली, रायझर पुन्हा लहान केला, आणि पाझर जवळजवळ थांबला.

त्याच सुमारास एका केंद्रीय प्रयोगशाळेची जाहिरात आली. तिचं नाव मी लिहीत नाही. पद शास्त्रज्ञाचं, आणि कामाच्या वर्णनात धातू गोठण्याचा अभ्यास, ओतकामातले दोष, उद्योगांना मदत असं सगळं होतं. मी तो परिच्छेद पप्पांना वाचून दाखवला. ते लेथवर काम करत होते. मशीन बंद करून त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. फॉर्म, फी, साक्षांकित प्रती, स्पीड पोस्ट हे सगळं यथासांग झालं. काही महिन्यांनी मुलाखतीचं पत्र आलं.

मी तयारी दोन प्रकारची केली. एक, पुस्तकं पुन्हा वाचली. दुसरं, माझ्या कामाची एक फाइल केली: साच्याच्या हार्डनेसचे आलेख, वजनांचा तक्ता, कापलेल्या नगांचे फोटो. शिवाय एका पाझरणाऱ्या नगाचा कापून पॉलिश केलेला तुकडा पिशवीत घेतला, कारण फोटोत पोकळी नीट दिसत नाही आणि हातात घेऊन उजेडाकडं वळवला की लगेच दिसते. तो तुकडा गेटवरच राहिला. सुरक्षारक्षकानं नियमाप्रमाणं फोनबरोबर तोही काढून घेतला आणि रजिस्टरला नोंद केली: 'आयर्न पीस, 1'. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यानं विचारलं, "ये क्या है?" मी सांगितलं. त्यानं तुकडा उजेडात धरला, पोकळ्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इसमें से पानी निकलता है?" मी म्हटलं, हो. मग त्यानं तो सांभाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

आत एका लांबट खोलीत आम्ही उमेदवार बसलो होतो. कागदपत्रांची तपासणी सकाळीच उरकली. माझ्या एका बाजूला तमिळनाडूचा, पीएच.डी. झालेला एक जण होता. तो कुणाशी न बोलता टिपणं वाचत होता. दुसऱ्या बाजूला नागपूरची एक मुलगी. तिचं काम वेल्डिंगवर, जोडाजवळ अडकून राहणाऱ्या ताणांवर. तिनं तिचं सांगितलं, मी माझं सांगितलं. पाझरणारे नग जड निघाले म्हटल्यावर ती खुर्ची वळवून बसली. "अगं, मग मापं घेतलीस का? कुठल्या बाजूनं वाढलाय नग? वरच्या पेटीकडून की खालच्या?" मी दोनच ठिकाणी मापं घेतली होती. वरचा आणि खालचा साचा वेगवेगळा मऊ असू शकतो, हे तिच्या प्रश्नानं डोक्यात आलं. मी ते फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. ती आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर आली. "काय विचारलं?" म्हटल्यावर म्हणाली, "व्याख्या." एवढंच बोलून तिनं पिशवी उचलली, तिची गाडी होती.

माझा नंबर जेवणानंतर लागला. टेबलापलीकडं पाच जण. मधोमध अध्यक्ष, दोन्ही बाजूंना विषयाचे तज्ज्ञ, टोकाला प्रशासनाचे एक अधिकारी, आणि दुसऱ्या टोकाला त्यातल्या त्यात तरुण असे एक शास्त्रज्ञ. मुलाखत इंग्रजीत झाली. इथं मराठीत देते.

स्वतःबद्दल सांगा, म्हणाले. मी फाउंड्रीपासून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला अध्यक्षांनी हात वर केला. "ते बायोडेटात आहे. आयर्न-कार्बन डायग्राम काढा."

फळ्याजवळ जाऊन काढली. हा प्रश्न येणार हे प्रत्येक उमेदवाराला माहीत असतं आणि ती आकृती यायलाच हवी, त्यात वाद नाही. युटेक्टॉइड रेषेजवळ मी 727 लिहिलं. एक तज्ज्ञ म्हणाले, "723." मी म्हटलं, "सर, जुन्या पुस्तकांत 723 आहे, आता 727 धरतात." त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठलं धरता?" मी म्हटलं, "727." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. कार्बनच्या टक्केवारीवर तेच झालं, मी 0.76 म्हटलं, त्यांना 0.8 हवं होतं.

मग मी थोडा धीर करून बोलले. म्हटलं, "सर, आम्ही जे लोखंड ओततो त्यात दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. त्यामुळं ही आकृती तशीच्या तशी लागू होत नाही. युटेक्टिक बिंदू 4.3 वरून डावीकडं सरकतो, साधारण 3.6 टक्के कार्बनवर येतो. शॉपमध्ये आम्ही म्हणूनच कार्बन इक्विव्हॅलंट काढतो." फळ्यावर दुसऱ्या रंगानं ती रेषा दाखवावी म्हणून मी खडू उचललाही होता.

"सिलिकॉनचं विचारलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. आवाजात राग नव्हता. दिवसभर तेच तेच काम करून माणसाचा आवाज जसा होतो, तसा होता.

पुढं प्रश्न भराभर आले. रेनॉल्ड्स नंबर म्हणजे काय. बुचाचा पॉइसन रेशो किती. मार्टेन्साइट कशामुळं कठीण असतं. एका चाचणीच्या नावातल्या अक्षरांचा विस्तार. मला बहुतेक सगळं आलं. पॉइसन रेशो जवळजवळ शून्य असतो म्हणून बूच बाटलीत सहज बसतं, हेही सांगून झालं. प्रत्येक उत्तराला एक बारीक मान हलायची आणि पुढचा प्रश्न यायचा. आपण बोललेल्यातून यांच्या मनात काही नवा प्रश्न उठतो आहे, असं एकदाही वाटलं नाही.

मग प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी माझं अनुभवाचं प्रमाणपत्र समोर घेतलं. वेतनश्रेणीचा उल्लेख का नाही? खाजगी फाउंड्रीत वेतनश्रेणी नसते, ठरलेला पगार असतो, असं मी सांगितलं. कामाचं स्वरूप 'क्वालिटी' एवढंच लिहिलं आहे, ते संशोधनाच्या अनुभवात कसं धरायचं? मला वाटलं, आता संधी आली. मी फाइल पुढं सरकवली.

ती टेबलावरून हातोहात टोकाच्या तरुण शास्त्रज्ञांपर्यंत गेली. त्यांनी हार्डनेसचे आलेख उलटले आणि वजनांच्या पानावर थांबले. रकान्यावरून पेन खाली सरकत गेलं, पुन्हा वर आलं. कपाळाला आठी पडली. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "जड?"

तो एक शब्द मला अजून ऐकू येतो. त्या अख्ख्या मुलाखतीत उत्तर माहीत नसताना विचारलेला तो एकच प्रश्न. मी खुर्चीत पुढं सरकले, तोंड उघडलं, आणि अध्यक्षांनी घड्याळाकडं बघत म्हटलं, "अजून बरेच उमेदवार आहेत. थँक यू." तरुण शास्त्रज्ञांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. ते काही बोलले नाहीत. बोलण्याची त्यांची पायरी नसावी.

मी गेटवर आले, सही करून तुकडा परत घेतला. रात्रीच्या गाडीनं मिरज, तिथून कोल्हापूर. घरी पोचल्यावर पप्पांनी आधी जेवायला वाढायला सांगितलं आणि मग विचारलं, "काय काय विचारलं?" मी एकेक प्रश्न सांगितला. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आणि वजनाचं?"

"नाही विचारलं."

"असं कसं?" एवढं म्हणून ते गप्प बसले. पप्पांनी आयुष्यात एकदाही नोकरीची मुलाखत दिलेली नाही. पण त्यांच्या वर्कशॉपला कुणी कारागीर आला की ते त्याच्या हातात आधी एक बिघडलेला जॉब देतात आणि 'काय झालंय सांग' म्हणतात. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की ज्यांना ओतकामातल्या दोषांवर काम करायला माणूस हवा आहे, त्यांनी दोष शोधलेल्या माणसाला दोषाचं का विचारू नये. मलाही कळत नव्हतं, आणि निवड न होण्यापेक्षा हेच जास्त लागत होतं.

पुढं ओळखीतून एका निवृत्त शास्त्रज्ञांशी बोलण्याचा योग आला. ते स्वतः अशा अनेक समित्यांवर बसले होते. त्यांनी जे सांगितलं ते मी इथं नोंदवते, कारण ते ऐकून माझ्या मनातली काही जळमटं दूर झाली. एका दिवसात भरपूर उमेदवार. प्रत्येकाच्या वाट्याला फार तर पंधरा-वीस मिनिटं. निकालावर माहितीच्या अधिकारात अर्ज येतात, कोर्टात दावे जातात. तिथं 'या मुलीची जिज्ञासा आम्हाला आवडली' असं समितीला लिहून चालत नाही. 'अमुक प्रश्नाचं उत्तर चुकलं' हे लिहिता येतं. म्हणून प्रश्न असे निवडले जातात की ज्यांचं उत्तर एकच असतं आणि ते कागदावर दाखवता येतं. वशिलेबाजीला आळा बसावा म्हणून ही पद्धत आली, आणि वशिलेबाजी काय असते हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ती मोडायची भीती वाटते.

मला हे पटतं. ज्या घरातून मी आले तिथं कुणाची ओळख नाही. नियम नसते तर मला मुलाखतीचं पत्रही आलं नसतं. पण लेखी परीक्षा त्यासाठीच असते. 'गेट'मध्ये तीन तासांत 65 प्रश्न सोडवून मला व्याख्या येतात हे मी आधीच दाखवलं होतं. समोरासमोर बसायचं ते जे कागदावर मोजता येत नाही ते बघायला. संशोधन म्हणजे तरी काय, तर उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नाशी माणूस कसा वागतो. त्यासाठी विचारणाऱ्यालाही क्षणभर माहीत नसलेल्या जागेत उतरावं लागतं. पाच जाणकार माणसं माझ्या अख्ख्या मुलाखतीत तशा जागेत एकदाही उतरली नाहीत, आणि एक जण उतरायला लागला तेव्हा वेळ संपली.

हे सरकारी चौकटीत बसत नाही असंही कुणी म्हणू नये. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल 1957 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथं नव्या इंजिनिअरांची निवड होत आली आहे. तिथं जाऊन आलेले लोक सांगतात की मुलाखत तासभरसुद्धा चालते. तुमच्या आवडीच्या विषयापासून सुरुवात होते आणि तुम्ही अडेपर्यंत ते खाली खाली जातात. अडलात की मग खरी सुरुवात, आता तुम्ही काय कराल. माझ्या कॉलेजचा एक सीनियर तिथून नापास होऊन आला होता. तरी त्या मुलाखतीबद्दल तो तासन् तास बोलायचा. आपण कुठं अडलो, त्यांनी कसा हात दिला, परत येताना लोकलमध्ये उत्तर कसं सुचलं. नापास झालेल्या पोरालाही विषयाच्या आणखी जवळ नेऊन सोडता येतं, हे त्याच्याकडं बघून कळत होतं.

आणि आमच्याच विषयातलं एक उदाहरण मला त्या खोलीत सांगायला आवडलं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रोमियमचा तुटवडा पडेल म्हणून अमेरिकेतल्या इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस हा संशोधक ओतलोखंडात क्रोमियमऐवजी काय चालेल ते शोधत होता. 1943 मध्ये त्यानं मॅग्नेशियम घालून पाहिलं, आणि एका नमुन्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात आलेलं दिसलं. शोधायला गेला एक, सापडलं दुसरंच. पण जे दिसलं त्याच्याकडं त्यानं पाठ फिरवली नाही. 1948 मध्ये हे जाहीर झालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्टन मॉरो यानं सिरियम वापरून तीच गोष्ट साधली होती. आज आपण ज्याला एसजी आयर्न म्हणतो ते हेच. शिरोलीत रोज लॅडलमध्ये मॅग्नेशियमचा मिश्रधातू टाकतात आणि रस पडताच डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश होतो. नवीन पोरं तो बघायला थांबतात, मीही थांबायची. त्या प्रकाशामागं कुणीतरी 'हे असं का झालं?' असं विचारलेलं आहे.

निकाल वेबसाइटवर लागला. मला वाटलं होतं, पीएच.डी. झालेल्या त्या मुलाची निवड झाली असेल. यादी उघडली तर आमच्या पदापुढं लिहिलं होतं, 'कोणीही उमेदवार योग्य आढळला नाही'. त्याचीही नाही, नागपूरच्या मुलीचीही नाही. ते वाचून मला माझ्यापेक्षा त्या पदाचं वाईट वाटलं. जाहिरातीतलं काम खरं होतं. दोष खरे आहेत, फाउंड्र्या खऱ्या आहेत, आमच्यासारख्या लहान कारखान्यांकडं मायक्रोस्कोपसुद्धा नसतो. त्यांना प्रयोगशाळेचा आधार हवाच आहे. ती खुर्ची रिकामी राहिली म्हणजे नुकसान कुणाचं झालं, हे शिरोलीत भंगाराच्या ढिगाकडं बघून कळतं. मैत्रिणी म्हणाल्या, माहितीच्या अधिकारात गुण माग. मी मागितले नाहीत. मला आकडा मिळाला असता, आणि आकड्यातून मला हवं ते कळलं नसतं.

शिरोलीत फाउंड्रीवाल्यांच्या अधूनमधून तांत्रिक बैठका होतात. मालकांनी आग्रह धरला, म्हणून त्यातल्या एका बैठकीत मी तीच फाइल पडद्यावर मांडली. तोवर नागपूरच्या मुलीच्या सांगण्यावरून वरच्या-खालच्या पेटीची मापंही घेऊन झाली होती. नग वरच्या बाजूनं जास्त वाढत होता. समोर मालक, शॉपचे फोरमन, पॅटर्नवाले, आणि मागच्या रांगेत आमचे मामा. तुकडा पहिल्या रांगेपासून हातोहात फिरत गेला. वजनाचा तक्ता आल्यावर एकदम कालवा झाला. "जड कसं काय?" "काटा तपासला हुता काय?" "आमच्याकडं पण सांजच्याच मालात लीकेज येतंय की!" एकानं कॉम्प्रेसरची क्षमता विचारली, एकानं वाळूतल्या ओलीचं काढलं. पावसाळ्यात ओल वाढते, तेव्हा दाब पुरेसा असूनही साचा मऊ राहतो का? मामांनी उठून सांगितलं की राहतो, आणि मग त्यांच्यात आणि एका फोरमनमध्ये वाळूतल्या बेंटोनाइट मातीवरून वाद जुंपला. आयोजकांनी चहा आल्याचं सांगितलं तरी कुणी उठेना.

चहाच्या वेळी एक वयस्कर मालक माझ्याकडं आले. त्यांनी विचारलं, "पोरी, एसजी आयर्न तर ह्याच्यापेक्षा जास्त जोर करतंय साच्यावर. मग तिथं गळका नग ह्याच्याहून जड येतोय का?" तर्कानं पाहिलं तर यायला हवा. पण एसजीला आम्ही रायझर वेगळ्या पद्धतीनं देतो, भट्टीतून निघालेला रस लॅडलमध्ये किती वेळ राहिला यावर मॅग्नेशियमचा परिणाम ओसरत जातो, आणि पोकळी कशामुळं आली हे नुसत्या काट्यावरून सांगणं अवघड होतं. मी म्हटलं, "काका, माहीत नाही. बघून सांगते."

दुसऱ्या दिवसापासून एसजीच्या एका ब्रॅकेटची वजनं घ्यायला सुरुवात केली. आकडे सरळ येत नाहीत. काही गळके नग जड आहेत, काही अगदी चांगल्या नगांएवढे, आणि त्यात अजून मला सूत्र सापडलेलं नाही. लॅडलमध्ये मॅग्नेशियम टाकल्याची वेळ आणि साच्यात रस ओतल्याची वेळ आता मामांचा मुलगा पाटीवर खडूनं लिहून ठेवतो. प्रयोगशाळेची तीच जाहिरात पुन्हा आली आहे, मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे. मी फॉर्म भरला आहे, आणि मालकांना प्रमाणपत्रात 'क्वालिटी' या शब्दापुढं काय काम केलं ते सविस्तर लिहून मागितलं आहे.